खुंटीवरची शपथ

लग्न होऊन सासरी गेलेली लेक आपली की परकी, या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे मोठं सोयीचं असतं. दिवाळीला साडी घ्यायची असली की ती आपली असते, आणि घरातलं काही मोलाचं द्यायची वेळ आली की ती परक्याची होते. वसमतच्या अमरसिंग परदेशीचंही याहून काही वेगळं नव्हतं. फक्त त्याच्या घरी हे उत्तर भिंतीत ठोकून ठेवलेलं होतं.

त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, माणसाच्या डोक्याहून वीतभर उंचीवर, खैराच्या लाकडाची एक जाडजूड खुंटी होती. गुळाचा कडक पाक दगडावर ओतायचा, हाताला सोसेल इतका निवला की त्याचा गोळा या खुंटीला अडकवायचा आणि दोन्ही हातांनी ओढायचा. पुन्हा अडकवायचा, पुन्हा ओढायचा. काळपट गूळ ओढता ओढता सोनेरी होत जातो. मग त्यात भाजलेले तीळ घालून लाकडी मोगरीनं कुटलं की पापुद्रे सुटलेली, तोंडात ठेवताच विरघळणारी गजक तयार होते. तिकडे उत्तरेत, मोरेन्याला ती गल्लोगल्ली मिळते. वसमतला मात्र गेली पन्नासेक वर्षं ती याच एका दुकानात मिळत होती, आणि थंडी पडली की परभणी-नांदेडचे पाहुणेसुद्धा 'किसनसिंग गजकवाले कुठं?' असं विचारत यायचे.

गजकेबरोबर तिची गोष्टही मिळायची, आणि ती फुकट. अमरसिंगला ती सांगायची भारी हौस. गिऱ्हाईक नवं दिसलं की तराजू बाजूला ठेवून तो सुरू व्हायचा.

"आमचं मूळ गाव तिकडं मोरेन्याला. आज्याचं मोठं दुकान व्हतं. पर आज्यानं एक चूक केली. लेकीला, म्हणजी आमच्या रुख्मिणी आत्याला, पाक ओढायला शिकवलं. आत्या सासरी गेली अन् तिनं समोरच दुकान टाकलं. सख्ख्या बापाचं दुकान बुडवलं बघा. तवा आमचे वडील किसनसिंग ही खुंटी भिंतीतून उपसून गाठोड्यात बांधून निघाले, ते हितं वसमतला येऊन थांबले. निजामाचं राज जाऊन एक साल झालं असंल. मी चार वर्षांचा व्हतो, आईच्या कडेवर. तवापासून आमच्यात रीत हाय. लेकीच्या हळदीच्या दिवशी तिनं या खुंटीला हात लावून शपथ घ्यायची, माहेरचा पाक सासरी ओढणार न्हाई. अन् सासरचं नाव लागलं की पुन्हा या खुंटीला शिवायचंबी न्हाई."

गिऱ्हाईक मान डोलवायचं. कोणी म्हणायचं, "बराबर हाय, पोरीची जात शेवटी दुसऱ्या घरची." गोष्टीनं गजकेची चव वाढायची आणि पाव किलो मागणारा अर्धा किलो घेऊन जायचा. त्या आत्याचं म्हणणं काय होतं, हे मात्र इतक्या वर्षांत एकाही माणसानं विचारलं नाही.

दोन हजार चार सालची संक्रांत चार दिवसांवर आली होती. दुकानात गर्दी होती. मागच्या खोलीत मुलगा शिवशंकर मोगरी चालवत होता आणि पुढे अमरसिंग परभणीच्या एका मास्तरांना आत्याची गोष्ट सांगत होता. पायरीशी तांड्यावरची एक पन्नाशीची बाई उभी होती. कोपरापर्यंत बांगड्या, डोक्यावरून लाल ओढणी. ती घाई न करता सगळी गोष्ट ऐकत राहिली.

"झाली का सांगून?" तिनं विचारलं.

"झाली. बोला बाई, किती देऊ?"

"पाव किलो द्या. कोमलसाठी न्यायची हाय."

कोमल हे अमरसिंगच्या नातीचं नाव. पण कोमल नावाच्या मुली काय कमी असतात? त्यानं तराजूत वजन टाकलं.

"शिलाची कोमल," बाई म्हणाली. "तुमची नात. मी बेबीबाई, वारंगा फाट्याजवळच्या तांड्यावरची. हळद काढणीला आली, शिजवायची कढई बघायला मालकासंगं वसमतला आले व्हते. म्हणलं, तुमाला भेटूनच जावं. तुमची शिला दोन साल झाले, माझ्या रानात मजुरीला येऊन राहिली."

दुकानातलं बोलणं एकदम थांबलं.

शिला त्याची थोरली. नव्वद साली तिला वारंगा फाट्याला दिली होती. नवरा देविदास ट्रक चालवायचा. दोन हजार एकमध्ये हैदराबादच्या रस्त्यावर अपघातात तो गेला आणि दोन लेकरं, म्हातारी सासू शिलाच्या गळ्यात आली. तेव्हा अमरसिंग जाऊन म्हणाला होता, "माहेरी चल." ती म्हणाली, "सासूबाईंना कुठं टाकू? लेकरायची शाळा हाय. मी शिवणकाम करते." तिच्या नकारानं त्याला आतून थोडं हलकं वाटलं होतं, हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. मग दर दिवाळीला साडी आणि दर संक्रांतीला गजकेचा डबा पाठवला की त्याच्या मते बापाचं काम संपायचं.

"तिच्या मजुरीचं सांगायला न्हाई आले मी," बेबीबाई म्हणाली. "कष्टाच्या भाकरीत काय वाईट? पर ती कोमलला शाळेतून काढून राहिली. सातवीतून. सोमवारी जाऊन नाव काढते म्हणली. हंगामात दोन हात वाढतील म्हणती. पोरगी लई हुशार हाय वो, माझ्या नातवायला गणितं शिकविती. मी शिलाला म्हणलं, फाट्यावर दिवसभर गाड्या थांबतेत, माणसं च्या पितेत, खातेत. बापाची वडी तुला येती ना? मग पेटव की भट्टी. तर म्हणती, येती मावशी, पर शपथ हाय. खुंटीला हात लावलाय." तिनं मान वाकडी करून मागच्या खोलीत पाहिलं. "हीच का ती? हिला भाकर लागती का? हिला शाळेत जायचं असतं का?"

गर्दीत कोणीतरी हसलं. अमरसिंगला काय बोलावं सुचेना, आणि माणसाला सुचेनासं झालं की तो हमखास खोटं बोलतो.

"शपथ-बिपथ समद्या जुन्या गोष्टी, बाई. कोण धरून बसतंय? मी तिला कितीदा म्हणलं, माहेरी ये. तिचाच हट्ट हाय. दर दिवाळीला लुगडं पोचतं तिला, विचारा."

पाचच मिनिटांपूर्वी याच तोंडानं त्यानं याच शपथेची मिरवणूक काढली होती. परभणीचे मास्तर हातातल्या पुड्याकडे निरखून पाहू लागले.

"पोचतं. समद्यायला दाखविती ती," बेबीबाई म्हणाली. "चांगलं असतं लुगडं. पर हात बांधून ठेवल्यावर बाईनं ते नेसावं कसं?"

पैसे नको म्हणून तो हात हलवत होता. तिनं ते मोजून फळीवर ठेवले, पुडा ओढणीच्या टोकाला बांधला आणि ती निघून गेली.

दुपारी जेवायला घरी गेला तेव्हा अमरसिंगचा राग उतू जात होता. "किसनसिंग गजकवाल्याची नात तांड्याच्या रानात हळद येचती! समद्या बाजारात सांगून गेली ती बाई. तोंड दाखवायला जागा न्हाई ठेवली पोरीनं."

त्याची बायको कमलबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"मला ठाऊक व्हतं," ती म्हणाली.

"ठाऊक व्हतं? मग काहून सांगितलं न्हाई?"

"सांगून तुमी काय केलं असतं? आता जे करून राहिले तेच केलं असतं." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "लाज वाटली ना? वाटू द्या. पर कशाची वाटली ते जरा बघा. लेक उन्हात राबती याची, का बाजारात चार माणसायला कळलं याची?"

चौतीस वर्षांच्या संसारात कमलबाईनं त्याला असं कधी विचारलं नव्हतं. भाकरी अर्धी टाकून तो उठला आणि म्हणाला, "उद्या जातो. घेऊनच येतो तिला."

रविवारी सकाळी तो गजकेचा डबा घेऊन एस.टी.त बसला. काय बोलायचं ते त्यानं मनात ठरवून ठेवलं होतं: सामान बांध, लेकरं घे, चल. घराण्याची शोभा फार झाली. पण बस वसमतच्या बाहेर पडली, दोन्ही बाजूंना हळदीची रानं लागली, आणि मांडीवरच्या डब्याकडे पाहता पाहता त्याला दुसरंच काहीतरी आठवायला लागलं. ते आठवू नये म्हणून त्यानं गेली पंधरा वर्षं खूप खटपट केली होती.

एकोणनव्वद सालचा आषाढ. वडील किसनसिंग अंथरुणाला खिळले होते. एका दुपारी त्यांनी सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि अमरसिंगला जवळ बसवलं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"अमर, तुझ्या आत्यानं काही केलं न्हाई," ते म्हणाले. "दुकान आमच्या बापानं बुडवलं. त्याचं ध्यान जुगारात गेलं, मालात खवट तीळ घालाया लागला. गिऱ्हाईक तुटलं. रुख्मिणीचा नवरा आजारी पडला, लेकरं उपाशी मरायला लागली, तवा तिनं भट्टी पेटवली. लोक तिच्याकडं गेले, कारण तिचा माल चांगला व्हता. परमुलखात येऊन बापाचं नाव कसं सांगू, म्हणून मी तिच्यावर ढकललं. सांगता सांगता तेच खरं झालं. तिनं दोन पत्रं धाडली, मी जबाब दिला न्हाई. तू शिलाला खुंटीला हात लावायला सांगू नको. ही रीत मोड."

दहा महिन्यांनी शिलाचं लग्न निघालं. मांडवात पाहुणे बसले होते. कोणीतरी म्हणालं, "चला, खुंटीचा कार्यक्रम उरकून घ्या," आणि अमरसिंगनं तोंड उघडलं नाही. हळद लागलेला शिलाचा हात खुंटीवर टेकला. भिंतीच्या चुन्यावर त्या हळदीची बोटं उमटली होती. पुढच्या दिवाळीला चुना देताना ती झाकली गेली.

वारंगा फाट्याला उतरून विचारत विचारत तो बेबीबाईच्या रानात पोचला. गडी कुदळीनं गड्डे उकरत होते आणि बायका ओळीनं बसून माती झटकत, हळकुंडं मोडून वेगळी करत होत्या. शिला ओळीच्या टोकाला होती. डोक्याला फडकं, मनगटापर्यंत हात पिवळे. जो हात उकळता पाक चिमटीत धरून 'अजून दोन मिनिटं, बाबूजी' असं बिनचूक सांगायचा, तो हात आता चिखलाचा गड्डा खरवडत होता. तो बांधावरच उभा राहिला.

"आजोबा!" टोपली टाकून कोमल पळत आली. डबा घेऊन ती ओरडली, "याडी, बघ, आजोबानं गजक आणली." तांड्यातली लेकरं आईला याडी म्हणतात. कोमल बेबीबाईला तशीच हाक मारत होती.

बेबीबाईच्या नवऱ्यानं, थावरानं, पाण्याचा तांब्या पुढे केला. शिला पदराला हात पुसत उठली. पण पिवळा रंग काही पुसला जात नव्हता.

"चल," अमरसिंग म्हणाला. "सामान बांध. लेकरायला वसमतच्या शाळेत घालू. तुझ्या सासूलाबी आणू."

"अन् तिथं मी काय करू, बाबूजी?"

"काय करू म्हणजी? घरात राहा."

"मागच्या खोलीत पाक ओढू देताल?"

अमरसिंग बांधावरच्या मातीकडे बघू लागला.

"न्हाई ना?" शिला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जड गेलं. "मग हितंच बरं हाय. तुमी भिऊ नका, मी शपथ मोडणार न्हाई. आत्यानं केलं तसं मी करायची न्हाई. कोमलची शाळा जाईल ती जाईल, पर माझ्या हातून तुमचं दुकान बुडावं, असं पाप मला नको."

कोमलच्या तोंडात गजकेचा तुकडा होता. ती मध्येच म्हणाली, "आजोबा, ती आत्या लई वाईट व्हती ना? मी निबंधात लिहिलं. 'आमच्या घराण्याच्या धंद्याचा इतिहास.' बाईंनी वर्गात वाचून दाखविला. शेवटी तात्पर्य लिहायचं असतं, तेबी मी लिहिलं."

"काय लिहिलं?" अमरसिंगनं विचारलं.

"तात्पर्य, लेकींना घरची विद्या देऊ नये. कारण त्या घर बुडवतात."

बारा वर्षांच्या मुलीनं हे पाठ म्हणून दाखवलं, कविता म्हणावी तसं. स्वतःही कोणाची तरी लेकच आहोत, हे तिच्या ध्यानातही नव्हतं. वाचकहो, खोट्याची हीच रीत असते. एकानं बापाची अब्रू झाकायला ते सांगितलं, दुसऱ्यानं धंद्यासाठी चालवलं, आणि तिसऱ्या पिढीत ते शाळेच्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरलं.

अमरसिंग खाली मातीत बसला. धोतराला चिखल लागला, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"कोमल, ते खोटं हाय," तो म्हणाला. "रुख्मिणी आत्यानं काही केलं न्हाई. दुकान माझ्या आज्यानं बुडवलं. जुगारानं अन् खवट तिळानं. तिनं तिची लेकरं जगवली, दुसरं काही न्हाई. माझ्या वडिलायनं मरताना मला सांगितलं, अन् म्हणले, शिलाला शपथ देऊ नको."

हळकुंडं मोडायचे आवाज थांबले. शिला त्याच्याकडे बघतच राहिली.

"म्हणजी तुमाला..."

"ठाऊक व्हतं. तू खुंटीला हात लावला, तवा मला समदं ठाऊक व्हतं."

"काहून, बाबूजी?"

तिनं एवढं एकच विचारलं. पाहुणे बसले होते, रीत होती, लोक काय म्हणाले असते, अशी उत्तरं त्याच्या जिभेवर आली. पण काल दुकानात खोटं बोललेल्या तोंडाची त्याला आता शिसारी आली होती.

"भ्या वाटलं," तो म्हणाला. "तुझं सासर फाट्यावर, येवढ्या गाड्या थांबतेत. अन् तुझा हात... तुझा हात माझ्याहून चांगला व्हता, शिला. शिवशंकरहून तर व्हताच व्हता. तू भट्टी पेटवली तर लोक वसमतला काहून येतील? म्हणून तुला बांधून टाकलं. अन् वरून लुगडं देत राहिलो."

शिला रडली नाही. ओरडलीही नाही. "चौदा वर्षं होत आली, बाबूजी," ती म्हणाली आणि परत जाऊन आपल्या जागेवर बसली. तिची ओळ अजून अर्धी राहिली होती. तिनं एकेक गड्डा उचलला, माती झटकली, हळकुंडं मोडली. बाकीच्या बायकाही खाली मान घालून कामाला लागल्या. अमरसिंग उन्हात बांधावर बसून राहिला. त्याला कोणी जा म्हणालं नाही आणि सावलीत ये असंही म्हणालं नाही. त्या दोन तासांत त्याला जी लाज वाटली, ती बाजारातली नव्हती. बाजारात लोकांच्या नजरा चुकवता येतात. इथं चुकवायला कोणी बघतच नव्हतं.

ओळ संपवून शिला आली. तोवर त्यानं मनाशी ठरवलं होतं.

"खुंटी उपसून आणून देतो तुला," तो म्हणाला. "आजपासून ती तुझी."

"नको," शिला म्हणाली. "त्या खुंटीवर माझी चौदा वर्षं टांगलेली हायेत. ती मला घरात नको."

"मी देतो करून," थावरा म्हणाला. "बाभळीचा ओंडका पडलाय दारात. तासून गुळगुळीत करतो. तिथं बैल बांधला तरी हलायची न्हाई."

शिला पहिल्यांदा जराशी हसली. मग बापाकडे वळली तेव्हा ते हसू गेलं होतं.

"तुमाला द्यायचंच असंल तर एक द्या, बाबूजी. दुकानात जी गोष्ट सांगता ना, ती आता खरी सांगा. आज्याचं नाव घेऊन, आत्याचं नाव घेऊन. अन् माझंबी सांगा."

तिनं पैसे मागितले असते, दागिना मागितला असता, तर त्यानं उभ्या जागी होकार दिला असता. हे मागणं त्याला त्याहून महाग वाटलं. बेबीबाई त्याच्याकडे बघत होती.

"उद्या कोमलचं नाव काढणार न्हाईस ना?" त्यानं विचारलं.

"न्हाई काढत. भट्टी पेटेपर्यंत मी दोन दिवस जास्त येईन कामाला," शिला म्हणाली. "तुमी तुमचं बोला."

"सांगतो," अमरसिंग म्हणाला.

म्हणणं सोपं होतं. सोमवार गेला, मंगळवार गेला, गिऱ्हाइकं येत राहिली आणि अमरसिंग मुकाट्यानं पुडे बांधत राहिला. गोष्टच सांगायची नाही, म्हणजे खोटंही नाही आणि खरंही नाही, अशी पळवाट त्यानं शोधून पाहिली. पण संक्रांतीच्या दिवशी भर गर्दीत शेजारचे व्यंकटराव जावयाला घेऊन आले. "अमरसिंग, आमच्या जावईबापूला ती तुमच्या आत्याची गोष्ट सांगा की," ते म्हणाले. "लई झकास सांगतेत हो हे."

अमरसिंगनं तराजू खाली ठेवला.

"सांगतो. पर आजपतुर जी सांगितली ती खोटी व्हती," तो म्हणाला.

आणि त्यानं सगळं सांगितलं. आज्याचा जुगार, खवट तीळ, रुख्मिणीची उपाशी लेकरं, तिची दोन पत्रं, वडिलांचे शेवटचे शब्द. शिलाचं सांगतानाही त्यानं काही गाळलं नाही. मागच्या खोलीतला मोगरीचा आवाज थांबला होता. शिवशंकर दारात येऊन उभा होता. ही गोष्ट तोही लहानपणापासून दुसऱ्या तऱ्हेनंच ऐकत आला होता.

व्यंकटराव खाकरले. जावईबापू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले. एक म्हातारी मात्र पुढे झाली आणि म्हणाली, "मलाबी माझ्या बापानं येक काम येत असून करू दिलं न्हाई, बाबा. त्यानं मरेपतुर कबूल न्हाई केलं. तू केलंस." तिनं नेहमीसारखी पाव किलो घेतली आणि गेली. त्या दिवशी तीन गिऱ्हाइकं काही न घेताच परत गेली, हेही खरं. अमरसिंगनं त्यांना हाक मारली नाही.

पुढच्या वर्षी संक्रांतीच्या आदल्या दिवशी वारंगा फाट्याच्या एस.टी.तून एक डबा आला. इतकी वर्षं डबा वसमतहून जायचा, या वेळी तिकडून आला. वर शिलाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'बाबूजींना.' आत गजक होती. अमरसिंगनं एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. पापुद्रे त्याच्या गजकेहून पातळ होते आणि गूळ किंचित जास्त ओढलेला. चौदा वर्षं रिकामा ठेवलेला तो हात काही विसरला नव्हता.

"कुणाची हो ही?" समोरच्या गिऱ्हाइकानं विचारलं. "इतकी हलकी! यातलीच द्या मला."

"ही इकायची न्हाई," अमरसिंग म्हणाला. "माझ्या लेकीची हाय. वारंगा फाट्यावर तिचं दुकान हाय, तिथं जाऊन घ्या. आमच्याहून बरी करती ती."

हे सांगताना त्याला आनंद झाला, असं लिहिलं तर ते अर्धंच खरं होईल. त्याला लाजही वाटली. तिचा माल जितका चांगला, तितकी ही लाज खोल जायची. ती आता त्याच्याबरोबरच राहणार होती, आणि तिला घालवायचा त्यानं कधी प्रयत्नही केला नाही.

डब्याच्या तळाशी घडी केलेला वहीचा कागद होता. आठवीतल्या कोमलनं तोच निबंध नव्यानं लिहिला होता: 'आमच्या घराण्याच्या धंद्याचा इतिहास.' त्यात मोरेना होतं, जुगार होता, रुख्मिणी होती, बाभळीची खुंटी होती, बेबी याडी होती. शेवटी 'तात्पर्य' असं लिहून पुढे दोन ओळी कोऱ्या सोडल्या होत्या आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हे आजोबांनी लिहावे. बाईंना दाखवायचे आहे.'

वाचकहो, आपल्याही घरात एखादी खुंटी असेल. कुठे ती शेतीच्या सात-बाऱ्यात ठोकलेली असते, कुठे शिक्षणात, कुठे नुसत्या एका सोयीच्या गोष्टीत. आपण आपल्या लेकींना तिला हात लावायला सांगतो आणि मग दर दिवाळीला साडी पाठवतो. ती खुंटी कोणी ठोकली आणि कोणत्या खोट्याच्या आधारानं ती टिकून आहे, हे एकदा तपासून बघायला काय हरकत आहे?

अमरसिंगनं गिऱ्हाइकाला थांबवलं, पेन मागून घेतलं आणि फळीवर कागद पसरून, जुन्या वळणाच्या अक्षरात त्या दोन कोऱ्या ओळी भरल्या.

'लेकीला विद्या द्यावी आणि दिल्यावर तिच्या हातांवर आपला हक्क सांगू नये. मी सांगितला, त्याची मला लाज वाटते.'

खाली सही केली: अमरसिंग किसनसिंग परदेशी, रुख्मिणीचा भाचा.